नसलेल्या पायाचं दुखणं आणि आरसा: रत्नागिरीतल्या एका फिजिओथेरपी सेवेबद्दल

हात किंवा पाय कापावा लागला आणि तरीही तोच अवयव दुखत राहिला, अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितेय. डॉक्टर या दुखण्याला फँटम पेन म्हणतात. रत्नागिरी शहरात एक तरुण फिजिओथेरपिस्ट आरशाच्या मदतीने त्यावर उपचार करते. जिने चढता येत असतील तर तिच्या केंद्रात जायचं, नाहीतर ती घरी येते. गेल्या पावसाळ्यानंतर मी तिच्याकडे सुरुवात केली. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण रात्रीची सलग झोप परत मिळाली आणि दुपारी पेपर वाचताना पायाचा विचार डोक्यात येत नाही, हे माझ्यासाठी खूप आहे. ती एकटीच सगळं सांभाळते आणि नाव छापू नका असं तिनेच सांगितलंय, म्हणून नाव-पत्ता देत नाही. शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे 'आरसावाली फिजिओ' असं विचारलंत तर कळेल.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवत होते, आता निवृत्त आहे. मधुमेह जुना. ओहोटीच्या वेळी जावेबरोबर खडपावर कालवं काढायला गेले होते, तिथे डाव्या तळव्यात शिंपीची धार घुसली. मला काहीही कळलं नाही. जाऊच ओरडली, "अगो, रक्त येतंय तुझ्या पायातून!" मधुमेहाने तळव्याच्या नसा बधिर झाल्या होत्या. जखम चिघळली, बोटं काळी पडली, आणि शेवटी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागलं. गुडघ्याखाली पाय काढला. शुद्धीवर आले तेव्हा डावं पाऊल ठणकत होतं.

यात जे विलक्षण आहे ते नीट मांडते. पाय होता तेव्हा तो कापला तरी मला पत्ता नव्हता. पाय गेल्यावर त्याच पायाची बोटं एकमेकांवर चढून आवळली जायची, तळवा आत वळायचा आणि दुसऱ्या बोटातली जोडवी रुतायची. मन आणि शरीर यांचा संबंध काय, या प्रश्नावर मी वर्षानुवर्षं फळ्यावर दोन रकाने आखून शिकवलं. माझं दुखणं त्या दोन्हींपैकी एकाही रकान्यात धड बसत नव्हतं.

तिच्याकडे जाण्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी मला ऐकवण्यात आलं, "हे मनाचे खेळ आहेत, नामस्मरण करा." नामस्मरण मी करतेच, त्याला माझी ना नाही. पण हे वाक्य आजारी माणसाला फार एकटं पाडतं. त्याचा अर्थ घरचे असा घेतात की दुखत नाहीये, हिला नुसतं वाटतंय. जणू दुखणं आणि वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत! वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली. तिच्यानुसार वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून एक अप्रिय अनुभव आहे. तो शरीराला झालेल्या इजेशी निगडित असेल किंवा तशा इजेच्या अनुभवासारखा असेल. व्याख्येखालच्या टिपेत स्पष्ट म्हटलंय की माणूस जे दुखणं सांगतो त्याचा मान राखावा. चरकाचार्यांनी तर चरकसंहितेच्या शारीरस्थान या भागात कधीच लिहून ठेवलंय, 'वेदनानामधिष्ठानं मनो देहश्च सेन्द्रियः'. वेदनेचं घर मन, आणि इंद्रियांसकट देहसुद्धा. केस, नखांची टोकं, मल अशा काही गोष्टी त्यातून वगळल्या आहेत. मी हा श्लोक वर्गात एका तासात उरकायची.

आता सेवेबद्दल. पहिल्या दिवशी तिने आरसा काढलाच नाही. बराच वेळ ती फक्त विचारत राहिली: काकू, पाऊल आत्ता कुठे आहे, कुठल्या दिशेला वळलंय, अंगठा वर आहे की खाली, रात्री वाढतं की पहाटे? नसलेल्या पावलाबद्दल इतक्या गंभीरपणे कोणी मला पहिल्यांदाच विचारत होतं. तिने माझ्याकडून त्या पावलाचं चित्र कागदावर काढून घेतलं. मग पायाच्या उरलेल्या भागावर, म्हणजे स्टंपवर, मऊ फडक्याने आणि नंतर जरा खरखरीत टॉवेलने चोळायला शिकवलं. दोन-तीन आठवडे एवढंच, आणि त्याच्या जोडीला फोटोंचा खेळ.

हे फोटो तिने स्वतः काढलेत. मिरकरवाडा बंदरावर, बाजारात, एसटी स्टँडवर. सगळी नुसती पावलं. चिखलाने भरलेली, रबरी चपलेतली, भेगा पडलेली, पैंजण घातलेलं लहान मुलीचं, माडावर चढणाऱ्याचं रुंद, बोटं फाकलेलं. एकेक फोटो समोर धरायचा आणि पाऊल डावं की उजवं हे पटकन सांगायचं. सोपं वाटतं ना? उजवी पावलं मी लगेच ओळखायचे. डावं आलं की अडखळायचे, आणि काही फोटो बघताना नसलेल्या घोट्यात कळ यायची. दुसऱ्याच्या पावलाचा कागदावरचा फोटो, आणि कळ मला! त्या पावलाची दिशा ओळखायला मला मनातल्या मनात स्वतःचा डावा पाय तसा वळवून पाहावा लागत होता, असं तिने समजावलं. आरशाआधीची ही पायरी काही ठिकाणी गाळतात असं ऐकलंय. माझ्या मते ती गाळू नये.

मग आरसा. कॉटवर पाय पसरून बसायचं, दोन्ही पायांच्या मधोमध आरसा लांबीला उभा करायचा, काच उजव्या पायाकडे. स्टंप आरशामागे लपतो. जरा उजवीकडे झुकून आरशात पाहिलं की उजव्या पायाचं प्रतिबिंब नेमकं डाव्या पायाच्या जागी दिसतं. मग सावकाश घोटा वर-खाली, पाऊल आत-बाहेर, बोटं फाकवायची आणि मिटायची. महत्त्वाचं म्हणजे त्याच वेळी नसलेल्या पायालाही तेच करायला सांगायचं. पहिल्यांदा डावं पाऊल आरशात दिसलं तेव्हा मला रडू कोसळलं. तिने घाई केली नाही, आरसा काढूनही घेतला नाही, पाठीवर हात ठेवून बसून राहिली. असं होतं, काहींना चक्कर येते, काहींचं दुखणं सुरुवातीला वाढतंही, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून पहिल्यांदा हे घरी एकट्याने करू नये.

जोडव्यांचा भाग मला विस्ताराने सांगायचाय. नियम असा की उरलेल्या पायावरचे दागिने काढायचे, तीळ किंवा व्रण असेल तर झाकायचा, म्हणजे आरशातलं पाऊल आपलं दुसरं पाऊल म्हणून पटतं. मी उजवी जोडवी काढली. आरशात पाऊल दिसलं खरं, पण ते कोणा दुसऱ्या बाईचं वाटलं. मी तिला म्हटलं, माझ्या डाव्या पायात जोडवी आहे, मला ती रुततेय. डाव्या पायाची खरी जोडवी शस्त्रक्रियेच्या दिवशीच पुडीत बांधून आमच्या ह्यांच्या हातात दिली होती, कपाटात होती, हे मला पक्कं माहीत होतं. ती थोडा वेळ विचार करत राहिली आणि म्हणाली, "मग घाला काकू, घालून बघू." जोडवी घातल्यावर आरशातलं पाऊल माझं झालं. काही दिवसांनी तिने नवीनच सुचवलं: आरशात बघत बघत उजवी जोडवी अगदी हळू काढायची. मी बोट किंचित वाकवलं, जोडवी फिरवत सांध्यापर्यंत आणली. तिथे ती नेहमीसारखी अडकली, मग सुटली. आरशात डाव्या बोटातून जोडवी निघताना दिसली आणि डाव्या बोटाला पडलेला विळखा सैल झाला. सगळा नाही गेला, पण त्या रात्री बोट रुतलं नाही. आता रुतायला लागलं की मी हेच करते.

या तंत्राचा उगम १९९०च्या दशकातला. तमिळनाडूत जन्मलेले आणि अमेरिकेत सॅन डिएगोला काम करणारे मेंदूतज्ज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी आरसा बसवलेल्या साध्या खोक्यात हात नसलेल्या रुग्णांना हात 'दाखवला'. यामागचं एक स्पष्टीकरण असं: मेंदू पायाला हुकूम देत राहतो, पायाकडून उत्तर येत नाही, आणि तो हुकूम आवळून आवळून दिला जातो. आरसा डोळ्यांमार्फत उत्तर आणून देतो. पायांसाठीची नेमकी चाचणी २००७ साली वॉल्टर रीड या अमेरिकी लष्करी रुग्णालयातून प्रसिद्ध झाली. रोज १५ मिनिटं, चार आठवडे. शेवटपर्यंत राहिलेल्या १८ जणांचे तीन गट होते. आरशात पाहणाऱ्या सहाही जणांचं दुखणं कमी झालं. झाकलेल्या आरशासमोर तेच व्यायाम करणाऱ्या सहांपैकी एकाचं कमी झालं. डोळे मिटून नुसती कल्पना करणाऱ्यांपैकी दोघांचं कमी झालं आणि चौघांचं उलट वाढलं. चाचणी लहान आहे, आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका ठळक फरक दिसलेला नाही, हेही लक्षात ठेवावं. पण 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांनी यातला तिसरा गट जरूर पाहावा. खेळ निव्वळ मनाचा असता तर मिटल्या डोळ्यांनीही तो तितकाच रंगायला हवा होता. इथे मनाला डोळ्यांची गरज पडली. निदान त्या सहा जणांना आणि मला तरी पडली.

माझ्यातल्या शिक्षिकेला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. समोर आरसा आहे आणि त्यात दिसतोय तो माझा उजवा पाय आहे, हे मला क्षणभरही विसरायला होत नाही. तरीही गुण येतो. दोरीवर साप दिसला, दिवा आणला, दोरी कळली की साप संपतो, असं आपण सगळे ऐकत आलो. ज्ञान झालं की भ्रम जातो. इथे ज्ञान शाबूत आहे आणि भ्रम आपलं काम करतोय. वेदान्त्यांना हा फरक ठाऊक होता. जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा नाही हे माहीत असूनही फूल हलवेपर्यंत तो तांबडाच दिसतो. याला ते सोपाधिक भ्रम म्हणत, आणि आरशातलं प्रतिबिंब हेही त्यांचं आवडतं उदाहरण. माझं दुखणं याच जातीचं आहे, असं मला आता वाटतं. पाय नाही हे मला समजावून काही उपयोग नव्हता, ते मला सगळ्यांच्या आधी माहीत होतं. समजुतीने न हलणारी अशी एक पायरी आपल्यात आहे. तिला मन म्हणा की शरीर, ती दिसण्याने, हलण्याने, स्पर्शाने हलते. न्यायसूत्रांत शरीराची व्याख्या चेष्टा (म्हणजे हालचालीचा प्रयत्न), इंद्रियं आणि अर्थ (म्हणजे इंद्रियांचे विषय) यांचा आश्रय अशी केलीय, आणि चेष्टा शब्द त्यात पहिला आहे. बोटं फाकवायचा प्रयत्न मी आजही डाव्या बाजूला करू शकते. त्या अर्थाने पाहिलं तर माझं शरीर डॉक्टरांनी कापलं तिथे संपत नाही.

देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण मन आणि शरीर वेगळी करणारा माणूस म्हणून मी त्यालाच वर्गात उभा करायचे. याच देकार्तने १६४४ साली एका मुलीची हकीकत लिहिलीय. हाताला गँगरीन झालेलं, तपासताना वैद्य तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधत. हात कोपरापर्यंत कापला, त्या जागी कापडं गुंडाळून ठेवली आणि तिला सांगितलंच नाही. ती मात्र कधी या बोटात, कधी त्या बोटात दुखतं अशी तक्रार करत राहिली. दुखणं हातात जाणवत असलं तरी जाणीव मेंदूशी होते, हा त्याचा निष्कर्ष. त्याच्या आधी तीन वर्षं, १६४१ मध्ये, त्याने लिहिलं होतं की खलाशी होडीत असतो तसा मी शरीरात नाही. होडी फुटली तर खलाशी ते बघतो. मला जखम झाली तर मी ती नुसती बघत नाही, मला दुखतं. बंदरालगत राहणाऱ्या मुलांना हे उदाहरण लगेच कळायचं. पण खडपावर मी नेमकी त्या खलाशासारखी होते. माझ्याच पायातून रक्त येतंय हे जावेने सांगितल्यावर मी ते बघितलं. मधुमेहाने मला माझ्याच होडीतली उतारू केलं होतं, आणि पाय गेल्यावर मी पुन्हा त्यात सापडले.

बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने १६४३ मध्ये देकार्तला पत्रातून विचारलं की निव्वळ विचार करणारा आत्मा जड शरीराला हलवतो तरी कसा? त्यावर धड उत्तर त्याला देता आलं नाही, असं माझं मत. पण पुढच्या एका पत्रात त्याने एक प्रामाणिक गोष्ट लिहिली: मन आणि शरीराचं एकत्व तत्त्वचिंतनातून कळत नाही, ते रोजच्या जगण्यातून आणि साध्या बोलण्यातून कळतं. आमची फिजिओ देकार्त वाचलेली नाही, तिला त्याची गरजही नाही. ती "पाऊल कुठे आहे" असं विचारते, तेव्हा त्या प्रश्नातच मन आणि शरीर एकत्र आलेलं असतं.

घरासाठी आरसा घेणार असाल तर थोडं. साधा सपाट काचेचा आरसा घ्या, अडीच फूट लांब, दीड फूट उंच, कडा घासून घेतलेला. अ‍ॅक्रिलिकचा हलका असतो, फुटत नाही, पण पातळ असेल तर त्यात पाऊल लाटेसारखं वाकडं दिसू शकतं आणि परिणाम बिघडतो. आमच्या सुताराने फणसाच्या लाकडाचा स्टँड करून दिला, आरसा आडवा होत नाही. आपल्याकडे खरा शत्रू खारी हवा. आरशाचा मागचा थर कडेने सुटतो, काळे डाग पडतात. माझ्या पहिल्या आरशाला डाग पडला तो नेमका घोट्याच्या जागी, आणि तो डाग बघून मला घोट्यात काहीतरी लागलंय असं वाटायचं. त्यामुळे कडा आणि मागची बाजू रंगाने बंद करून घ्या आणि वापर झाला की आरसा जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवा. पावसाळ्यात दुपारीही घरात अंधार असतो, लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा पायावर उजेड पाडणारा चार्जिंगचा दिवा लागतो.

तक्रारी आहेत. केंद्र पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पाय गेलेल्या माणसांवर उपचार करणारी जागा जिन्यावर असावी हे मला मान्य नाही, तिला तोंडावर सांगितलंय. भाडं परवडत नाही म्हणते, ते खरंही असेल. घरी करायच्या व्यायामाचा कागद आधी फक्त इंग्रजीत होता. माझ्याआधीच्या नंबरावर बसलेल्या खलाशी दादांना तो मीच वाचून दाखवत होते. आणि ती वेळ पाळत नाही. रस्ता खराब, पाऊस, स्कूटर, सगळी कारणं खरी, पण दोन तास उशीर म्हणजे इन्सुलिन आणि जेवणाचं गणित बिघडतं.

फी माझ्या वेळी केंद्रात तीनशे, घरी पाचशे होती. आरशाच्या नावाखाली ती महागड्या वस्तू गळ्यात मारत नाही. गोळ्या बंद करायला तिने कधीही सांगितलं नाही. माझ्या नसांच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या, आजही एक चालू आहे. साखर आटोक्यात नसेल तर ती आधी डॉक्टरांकडे पाठवते. स्टंपवर जखम असेल किंवा टोकाला एकाच ठिकाणी बोट लावताच झिणझिणी उठत असेल तरीही आधी डॉक्टर, कारण तिथे कापलेल्या नसेची गाठ असू शकते आणि तिच्यावर आरसा चालत नाही. दोन्ही पाय गेलेल्यांना ही पद्धत अशीच्या अशी वापरता येत नाही. जयपूर फूट, म्हणजे रबरी पावलाचा कृत्रिम पाय, बसवून घेणार असाल तर आरशाचे उपचार थांबवायची गरज नाही. मी तो लावून अनवाणी अंगणात चालते तेव्हा आता नसलेलं पाऊल त्या रबरी पावलात बसल्यासारखं वाटतं, आणि ते आवळलेलं नसतं.

व्यायामाचा कागद मी मराठीत करून दिलाय, जावेच्या मुलाने त्यात पायांची चित्रं काढलीत. ती आता झेरॉक्स काढून देते. तिने दिला नाही तर मागून घ्या. फोन सकाळी नऊच्या आत करा, नंतर ती कोणाच्या तरी घरी असते आणि उचलत नाही.